पाचवे माप

तीन किंवा अधिक रेषाखंड टोकाला टोक जोडून जागा बंदिस्त करतात तेव्हा बहुभुजाकृती तयार होते, आणि असे रेषाखंड चार असले तर तिला चौकोन म्हणतात, एवढी व्याख्या शालेय भूमितीत लवकरच येऊन जाते. तिच्या मागोमाग नावांची रांग येते: चौरस, आयत, समभुज चौकोन, समांतरभुज चौकोन, समलंब चौकोन, पतंग. बालभारतीच्या आठवीच्या गणितात चौकोनाची रचना आणि त्याचे प्रकार यांना स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे, नववीच्या भूमितीत त्यांचे गुणधर्म सिद्ध केले जातात. तरीही प्रत्यक्ष वर्गात हा भाग अनेकदा नावे आणि व्याख्या यांच्या घोकंपट्टीतच आटोपतो, आणि ज्या प्रश्नाने त्याचा आरंभ व्हायला हवा, म्हणजे चौकोनांचे प्रकार पाडण्याची गरजच मुळात का पडावी, तो प्रश्न विचारायचा राहून जातो. त्याचे उत्तर मोजणीत आहे, आणि धानाच्या मुलखात ते शोधणे सोपे जाते.

कारधा हे गाव भंडारा शहराच्या समोर, वैनगंगेच्या पलीकडच्या काठावर आहे. नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथे नदी ओलांडतो, शेजारीच इंग्रजांच्या काळातला लहान पूल आहे, आणि पावसाळ्यात सारा जिल्हा ज्या आकड्याकडे डोळे लावून बसतो तो वैनगंगेच्या पाणीपातळीचा आकडा कारधा येथेच घेतला जातो; येथील धोक्याची पातळी २४५.५० मीटर आहे. हा सारा मुलूख धानाचा, आणि धानाचे शेत एकसंध नसून बांध्यांमध्ये विभागलेले असते. बांधी म्हणजे चहूबाजूंनी मातीचे धुरे घालून पाणी अडवलेला, आतून सपाट केलेला तुकडा. रोवणीच्या वेळी ज्या चिखलात पऱ्हे लावायचे, त्यावर पाणी सगळीकडे सारखे उभे राहावे लागते, कारण उंचवट्यावरचे रोप कोरडे पडते आणि खोलगट जागेतले बुडून सडते. म्हणून धुरा उताराला आडवा, जवळपास एकाच उंचीवरून जातो आणि जमीन वळते तसा तोही वळतो. अशा रीतीने जमिनीच्या चढउताराने ठरवलेल्या बांध्या पाहताक्षणी चौकोनी वाटतात, परंतु त्यांचे कोपरे काटकोनात क्वचितच असतात, समोरासमोरचे धुरे समांतर असतीलच असे नाही, आणि पुस्तकातल्या सहा नावांपैकी एकही नाव ज्यांना लागू पडत नाही असे चौकोन शिवारात सर्वत्र पसरलेले असतात.

अशा एखाद्या बांधीचे चारही धुरे मोजले आणि प्रत्येक धुरा २५ मीटर भरला, असे समजावे. बांधी किती मोठी? चारही बाजू सारख्या म्हणून २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ चौरस मीटर, हे उत्तर जिभेवर चटकन येते, आणि कोपरे काटकोनात असतील तर ते बरोबरही आहे. पण तीच बांधी एका अंगाने थोडी दबलेली असली आणि तिचा एक कर्ण, म्हणजे समोरासमोरचे दोन कोपरे जोडणारी रेषा, ३० मीटर भरला, तर दुसरा कर्ण ४० मीटर होतो आणि क्षेत्रफळ ६०० वर येते. ती आणखी दबून एक कर्ण १४ मीटर उरला, तर दुसरा ४८ मीटर होतो आणि क्षेत्रफळ अवघे ३३६ चौरस मीटर. धुऱ्यांची लांबी कोठेही तसूभर बदललेली नाही, आणि जमीन मात्र जवळजवळ निम्म्यावर आली.

हे आकडे जुने आहेत. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत २५ भुजेच्या समभुज चौकोनाचे उदाहरण येते, आणि त्यात ३० व ४०, १४ व ४८ आणि समान कर्ण अशा तिन्ही स्थिती मांडून क्षेत्रफळे ६००, ३३६ आणि ६२५ काढलेली आहेत. चार भुजा ठरल्या तरी चौकोन ठरत नाही, समोरासमोरचे दोन कोपरे आत दाबले की त्यांना जोडणारा कर्ण आखडतो आणि दुसरा लांबतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. कर्ण किंवा लंब यांपैकी काहीही न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला, आणि त्याहूनही अधिक ते सांगू पाहणाऱ्याला, त्यांनी पिशाच ठरवले आहे. एवढे कठोर शब्द गणिताच्या ग्रंथात सहसा सापडत नाहीत. त्यांचा रोख उगाच नव्हता. समोरासमोरच्या भुजांची सरासरी काढून त्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा, हा नियम जगात फार ठिकाणी रूढ होता. इजिप्तमध्ये एडफू येथील होरसच्या देवळाच्या भिंतींवर देवस्थानाच्या जमिनींची जी मापे कोरलेली आहेत तीही याच नियमाने केलेली आहेत. हा नियम आयतापुरता अचूक आहे आणि इतर प्रत्येक चौकोनाला तो खऱ्याहून अधिक क्षेत्रफळ देतो, कमी कधीच देत नाही. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीवर या हिशेबाने सारा बसेल त्याला नसलेल्या जमिनीचाही सारा भरावा लागेल, आणि त्याची बांधी जितकी तिरकी तितका हा अन्याय मोठा.

भास्कराचार्यांचा महाराष्ट्राशी असलेला संबंध चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखाने पक्का झालेला आहे. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. त्या मठात लीलावती शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे जो प्रश्न होता, तोच आज आठवीच्या पुस्तकात दुसऱ्या वेशात उभा आहे. चौकोनाचे एकंदर दहा घटक असतात: चार भुजा, चार कोन आणि दोन कर्ण. चौकोन काढण्यासाठी त्यांपैकी योग्य असे पाच घटक माहीत असावे लागतात, आणि म्हणूनच चार भुजा व एक कर्ण, तीन भुजा व दोन कर्ण, तीन भुजा व त्यांनी समाविष्ट केलेले दोन कोन, दोन लगतच्या भुजा व तीन कोन अशा रचना विद्यार्थ्यांकडून करून घेतल्या जातात. पाचच का, याचे कारण त्रिकोणात आहे. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण हलत नाही. कर्णाने चौकोनाचे दोन त्रिकोण केले, तर पहिल्याला तीन मापे लागतात, आणि दुसऱ्याची एक बाजू म्हणजे तो कर्णच असल्याने त्याला दोनच मापे पुरतात. पुढे प्रत्येक वाढत्या कोपऱ्याबरोबर दोन मापे वाढत जातात, म्हणून पंचकोनाला सात आणि षट्कोनाला नऊ लागतात. दुसरा त्रिकोण कर्णाच्या कोणत्या बाजूला काढायचा हेही मात्र सांगावे लागते, कारण तो पहिल्याच बाजूला काढला तर वेगळीच आकृती हाती येते, जी आत खाच पडलेली किंवा स्वतःलाच छेदणारी असते. शाळेत चौकोन म्हणताना बहिर्वक्र चौकोन, म्हणजे ज्याचे दोन्ही कर्ण आतच राहतात असा चौकोन, गृहीत धरलेला असतो, आणि हे गृहीत मुलांना एकदा उघड करून दाखवले तर त्यांचे काहीच बिघडणार नाही.

वर्गीकरणाचा अर्थ या पाच मापांपाशी उलगडतो. कोणत्याही विशेष गुणाविना असलेल्या चौकोनाला पाच मापे लागतात. समोरासमोरच्या भुजांची एक जोडी समांतर आहे एवढे कळले की चार पुरतात, आणि तो समलंब चौकोन होय. दोन्ही जोड्या समांतर असल्या तर तीन पुरतात, दोन भुजा आणि त्यांच्यामधला कोन. हा समांतरभुज चौकोन. पतंगालाही, म्हणजे ज्याचा एक कर्ण दुसऱ्याचा लंबदुभाजक असतो अशा चौकोनाला, तीनच लागतात. सर्व कोन काटकोन असलेला आयत लांबी आणि रुंदी या दोनच मापांत संपतो, सर्व भुजा एकरूप असलेला समभुज चौकोन एक भुजा आणि एक कोन या दोनांत, आणि चौरसाला एकच माप पुरते. याचा अर्थ असा की चौकोनाच्या प्रकाराचे नाव हे त्याच्या रूपाचे वर्णन असण्यापेक्षा वाचलेल्या मोजणीची पावती अधिक आहे. एखाद्या आकृतीला आयत म्हणणारा माणूस तीन मापे न घेताच ती घेतल्यासारखी असल्याची ग्वाही देत असतो. ती ग्वाही खरी असेल तर त्याचे श्रम वाचतात, आणि खोटी असेल तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

ही ग्वाही तपासण्याचे काम घराच्या पायाची आखणी करणारा मिस्त्री रोज करतो. १२ फूट लांब आणि ९ फूट रुंद खोलीसाठी तो चार खुंट्या ठोकतो, सुतळी ताणतो आणि समोरासमोरच्या बाजू सारख्या भरल्या याची खात्री करतो. परंतु तेवढ्यावर तो फक्की टाकत नाही, कारण आतापर्यंत त्याच्या हाती आलेली आकृती फक्त समांतरभुज चौकोन आहे. मग तो टेप एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात धरतो आणि १५ फूट भरतात का ते पाहतो. टेपवर १५ फुटांऐवजी १४ फूट ११ इंच दिसले, तर दुसऱ्या कर्णावर जवळपास तेवढेच जास्त निघणार हे त्याला ठाऊक असते, आणि तो दोन खुंट्या बाजूला सरकवून कर्ण सारखे होईपर्यंत मोजतच राहतो. कर्ण समान असलेला समांतरभुज चौकोन आयतच असतो, हे नववीतले प्रमेय त्याच्या हातात सुतळीच्या रूपाने असते. या प्रमेयाची सिद्धता शिकवताना वर्गाबाहेर पटांगणात चार खुंट्या ठोकून घेतल्या, तर प्रमेयाचा व्यत्यास, म्हणजे पक्ष आणि साध्य यांची अदलाबदल करून मिळणारे विधान, वेगळे का सिद्ध करावे लागते हेही मुलांना समजेल. आयताचे कर्ण समान असतात हे कळून मिस्त्रीचे काम भागत नाही. कर्ण समान आले म्हणजे आयत झाला, हे त्याला हवे असते.

सर्वांत अधिक अडचण जेथे येते ती जागा म्हणजे चौरस हा आयतही असतो हे विधान. मुलाच्या डोळ्यांना आयत लांबट दिसतो आणि चौरस तसा दिसत नाही, म्हणून त्याला हे विधान शब्दांची कसरत वाटते. अशा मुलाला मंद समजणे अन्यायाचे आहे, कारण युक्लिडही त्याच्याच बाजूला उभा होता. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० मध्ये रचलेल्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात त्याने लांबट चौकोनाची व्याख्या काटकोनी पण समभुज नसलेला अशी केली, समभुज चौकोनाची व्याख्या समभुज पण काटकोनी नसलेला अशी केली, आणि चौरसाला या दोघांच्याही बाहेर ठेवले. त्याचे प्रकार शेजारी शेजारी घातलेल्या, एकमेकींत न शिरणाऱ्या बांध्यांसारखे आहेत. आजच्या पाठ्यपुस्तकात एक वर्ग दुसऱ्याच्या पोटात असतो. नेदरलँड्समधील पिअरे व्हॅन हिले आणि दिना व्हॅन हिले-गेल्डोफ या शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये आपल्या प्रबंधांतून दाखवले की भूमितीची समज पायऱ्यांनी वाढते: आधी आकृती एकंदर रूपाने ओळखली जाते, मग तिचे गुणधर्म सुटे सुटे दिसू लागतात, आणि त्यानंतरच एक गुणधर्म दुसऱ्यातून निघतो हे ध्यानात येऊन वर्गांतले वर्ग समजतात. पहिल्या पायरीवरच्या मुलाशी तिसऱ्या पायरीची भाषा बोलली, तर ते मूल वाक्य पाठ करते आणि परीक्षेत लिहितेही, पण त्याला ते पटलेले नसते.

पटवण्याचा मार्ग काटकसरीचा आहे. आयताबद्दल जे जे सिद्ध झाले, म्हणजे कर्ण समान असतात, ते एकमेकांना दुभागतात, संमुख भुजा एकरूप असतात, ते सर्व चौरसाला पुन्हा सिद्ध न करता लागू व्हावे यासाठी चौरस आयताच्या पोटात ठेवलेला आहे. युक्लिडची वाटणी स्वीकारली, तर प्रत्येक प्रमेय दोनदा लिहावे लागेल. बांबूच्या दोन कामट्या घेऊन हे हाताने करूनही पाहता येते. दोन्ही कामट्या मध्यावर एकमेकींना सैल बांधून त्यांची चार टोके दोऱ्याने जोडली, की समांतरभुज चौकोन होतो. कामट्या सारख्या लांबीच्या असल्या तर तो आयत होतो, त्या एकमेकींना काटकोनात धरल्या तर समभुज चौकोन होतो, आणि सारख्या कामट्या काटकोनात धरल्या की चौरस. सारख्या कामट्या हळूहळू फिरवत नेल्या, तर आयत रुंद होत होत एका क्षणी चौरस होतो आणि पुन्हा दुसऱ्या अंगाने लांबट होत जातो; त्या एका क्षणापुरता तो आयत राहिला नाही असे म्हणायला कोणतेही कारण उरत नाही. कर्णांवरून केलेले हे वर्गीकरण बाजूंवरून केलेल्या वर्गीकरणापेक्षा पुष्कळ सुटसुटीत आहे, आणि ते शेवटी न शिकवता आधी शिकवावे असे म्हणण्यास जागा आहे.

समलंब चौकोनाची गोष्ट मात्र अजून मिटलेली नाही. राज्याच्या पाठ्यपुस्तकात त्याची व्याख्या संमुख भुजांची एकच जोडी समांतर असलेला चौकोन अशी आहे, त्यामुळे समांतरभुज चौकोन त्याच्या बाहेर पडतो; अन्यत्र किमान एक जोडी अशी व्याख्या करतात आणि तो आत येतो. इतर सर्व ठिकाणी वर्गात वर्ग घालणाऱ्या पुस्तकाने येथेच युक्लिडच्या वळणावर जावे, हे खटकते. समांतर बाजूंच्या बेरजेचा निम्मा गुणिले त्यांच्यामधले अंतर, हे समलंब चौकोनाचे सूत्र समांतरभुज चौकोनालाही बिनचूक लागू पडते. शुल्बसूत्रांतील महावेदी हीच आकृती आहे, २४ आणि ३० पदांच्या समांतर बाजू व त्यांच्यामध्ये ३६ पदांचे अंतर, क्षेत्रफळ ९७२, आणि आपस्तंबाने एका अंगाचा त्रिकोण कापून दुसऱ्या अंगाला लावून तिचा आयत केला आहे. तेव्हा किमान एक जोडी ही व्याख्याच अधिक योग्य म्हणावी लागते. तिची एक अडचण मान्य करायला हवी: तिरक्या बाजू समान असलेल्या समलंब चौकोनाला समद्विभुज समलंब म्हटले, तर प्रत्येक समांतरभुज चौकोन त्यात शिरेल, आणि पायाचे कोन समान असतात हा त्या आकृतीचा मुख्य गुण कोसळेल. व्याख्या बाजूंऐवजी पायाच्या कोनांवरून केली की ही अडचण दूर होते. अशी खटपट वर्गात मुलांसमोर व्हावी, कारण व्याख्या आकाशातून पडत नाहीत, त्या निवडल्या जातात आणि निवडीला किंमत द्यावी लागते, हे तेव्हाच दिसते.

ब्रह्मगुप्तांवर भास्कराचार्यांनी केलेली टीकाही या प्रकाशात पुन्हा वाचण्यासारखी आहे. ६२८ मध्ये लिहिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात ब्रह्मगुप्तांनी सरासरीच्या नियमाला स्थूल म्हटले आणि शेजारीच सूक्ष्म नियम दिला: चारही भुजांच्या बेरजेच्या निम्म्यातून प्रत्येक भुजा वजा करून येणाऱ्या चार संख्यांचा गुणाकार करावा आणि त्याचे वर्गमूळ काढावे. २५ भुजेच्या समभुज चौकोनाला हा सूक्ष्म नियमही दर वेळी ६२५ हेच उत्तर देतो, कारण त्यात कर्ण कोठेच नाही, आणि म्हणून भास्कराचार्यांचा आक्षेप वरवर पाहता निर्णायक वाटतो. परंतु ज्या चौकोनाचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतात, ज्याला चक्रीय चौकोन म्हणतात, त्याला हा नियम तंतोतंत लागू पडतो. ब्रह्मगुप्तांनी ही अट उघड शब्दांत लिहिली नाही, पण पुढेच ते चौकोनाच्या परिवर्तुळाची त्रिज्या काढतात. आणि त्यांनी सांगितलेले पाच प्रकार, म्हणजे सम, आयत, द्विसम, त्रिसम आणि विषम, पाहिले तर तिरका समभुज चौकोन आणि तिरका समांतरभुज चौकोन, जे वर्तुळात कधीच बसू शकत नाहीत, ते त्या यादीत नाहीत. कोपरे वर्तुळावर असणे ही देखील एका मापाची बचत आहे: चार भुजा क्रमाने ठरल्या की चक्रीय चौकोन ठरतो. दोघे आचार्य वेगवेगळ्या वर्गांविषयी बोलत होते आणि दोघेही आपापल्या वर्गात बरोबर होते. चूक झालीच असेल, तर आपण कोणत्या वर्गाविषयी बोलत आहोत हे न लिहिण्याची.

शिवारातली बांधी वर्तुळावर बसत नाही, म्हणून साखळीच्या मोजणीत कर्णाला सुटका नव्हती. ३३ फुटांची १६ आण्यांची शंकूसाखळी, आणि ३३ फूट भुजेच्या चौरसाएवढा एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, हा हिशेब महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. शेताच्या लांब कर्णावर साखळी ताणायची, तिच्यावरून दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांपर्यंत लंब घ्यायचे, आणि कर्ण गुणिले दोन लंबांच्या बेरजेचा निम्मा एवढे क्षेत्रफळ मांडायचे. कर्ण, दोन लंब, आणि ते लंब कर्णावर कोठे पडतात याची दोन मापे, अशी एकूण मापे पाचच होतात. आता भूमी अभिलेख विभागाचा मोजणीदार रोव्हर घेऊन बांधीवर येतो आणि उपग्रहांच्या संकेतांवरून प्रत्येक कोपऱ्याचे स्थान दोन आकड्यांत नोंदवतो. चार कोपऱ्यांचे आठ आकडे होतात, आणि पुस्तकातल्या पाचांशी त्यांचा मेळ बसत नाही असे प्रथम वाटते; परंतु त्यांतले दोन बांधी कोठे आहे हे सांगण्यात खर्च होतात आणि एक ती कोणत्या दिशेला वळलेली आहे हे सांगण्यात, तेव्हा आकारासाठी पाचच उरतात. शाळेतला चौकोन वहीत कोठेही काढला तरी चालतो, म्हणून त्याला ते तीन आकडे लागत नाहीत. वैनगंगेच्या पुरात धुरा वाहून गेल्यावर तो पुन्हा जागच्या जागी घालायचा असतो, तेव्हा आठही लागतात.